असील आणि जवारी कोंबडी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यातल्या जत्रा जवळ आल्या की आणि गावात कोंबड्यांची मर (साथ) येऊन गेली की, हे प्रश्न हमखास येतात. कुणी आठवडी बाजारात थांबवून विचारतं, कुणी रात्री फोन करतं. ज्यांच्या परड्यात अजून चार जुन्या कोंबड्या आहेत आणि त्या टिकाव्यात असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. पाच हजार पक्ष्यांची शेड टाकणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही.

असील आणि जवारी एकच का?

नाही. आपल्याकडे परड्यात फिरणाऱ्या, कुणी मुद्दाम न घडवलेल्या कोंबडीला जवारी म्हणतात. शेजारचे कन्नड बोलणारे लोकही ‘जवारी कोळी’च म्हणतात (कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी). जवारीत लाल, काळी, कबरी, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशा सगळ्या तऱ्हा येतात. असील ही मात्र ठरलेल्या ठेवणीची, शेकडो वर्षं निवडून जपलेली जात आहे. अंग ताठ उभं, मान लांब, पाय जाड, पिसं आखूड आणि अंगाला घट्ट. तुरा करवतीसारखा नसतो. तो बुटका असतो, तीन ओळींत मटारचे दाणे बसवल्यासारखा दिसतो. हनुवटीखालचे लाल लोंबते पापुद्रे जवळपास नसतातच. चांगल्या वजनदार वंशरेषेचा पूर्ण वाढलेला नर ४ ते ५ किलो भरतो, मादी ३ ते ४ किलो. रंगावरून पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, सब्जा, टीकर, रेझा अशी नावं आहेत.

‘असील’ हा शब्द अरबी आहे, अर्थ चांगल्या मुळाचा, खानदानी. आपला ‘अस्सल’ हा शब्दही त्याच मुळातून आला आहे.

आपल्या भागातली असील सरकारदरबारी नोंदलेली आहे का?

देशातल्या जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या जातींची नोंद कर्नालचं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ठेवतं. त्या नोंदीत असीलचं मूळ क्षेत्र आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा असं आहे. कर्नाटकाचं नाव आंध्र प्रदेशाबरोबर ‘घागस’ या जातीला लागलेलं आहे, पण ती आपल्यापासून लांब, कोलारकडे. महाराष्ट्राचं नाव गुजरातबरोबर ‘बुसरा’ला आहे, तीही नवापूरकडची. आपली जवारी ‘जवारी’ म्हणून कुठेच नोंदलेली नाही. म्हणून तर काळजी जास्त. जी नोंदलेलीच नाही, ती किती उरली हे मोजायला कोण येणार?

पण जपायची कशासाठी? अंडी तर फार देत नाही.

बरोबर. चांगली असील वर्षाला ३० ते ६० अंडी देते आणि पहिलं अंडं द्यायलाच सहा-सात महिने घेते. अंड्यांचा धंदा करायचा असेल तर असीलच्या वाटेला जाऊ नका, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

तिचं मोल दुसऱ्या गोष्टींत आहे. आज हॉटेलात जी ब्रॉयलर खातात, तिची नरांकडची वंशरेषा मुख्यतः कॉर्निश जातीतून आली. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये एकोणिसाव्या शतकात ही जात घडवली, ती भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांचा संकर करून. ब्रॉयलरच्या त्या रुंद छातीमागे असीलचं रक्त आहे. पुढे कधी काही नवीन घडवायचं झालं तर मूळ रक्त आपल्या परड्यात शिल्लक हवं.

दुसरं म्हणजे आईपण. असील आणि जवारी या दोन्ही स्वतः खुडूक बसतात म्हणजे अंडी उबवतात, पिल्लं काढतात, घार दिसली की पंखाखाली घेतात. भरपूर अंड्यांसाठी घडवलेल्या जातींत खुडूक बसण्याची सवय निवडीतूनच काढून टाकलेली असते, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. मग दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. ज्या घरात खुडूक कोंबडी आहे, त्या घराला हॅचरी लागत नाही.

जत्रेला कोणता कोंबडा कापावा? घरचे म्हणतात, सगळ्यात मोठा.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नांतला हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दिवाळीनंतरच्या रवणातली (कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांतली) पिल्लं चैत्र-वैशाखात पाच-सहा महिन्यांची होतात. जत्रा त्याच वेळी असतात. पाहुणे येणार, मान राखायचा, म्हणून खुराड्यातला सगळ्यात उंच, जड, तेजदार नर आधी धरला जातो. पोरांना लाथ न मारणारा, बारकासा, अर्धवट वाढलेला नर मागे राहतो. वर्षभर तोच सगळ्या कोंबड्यांना लागतो. पुढच्या वर्षी परत तेच. दहा-बारा वर्षांत लोक म्हणू लागतात, ‘पहिल्यासारख्या कोंबड्या आता राहिल्या नाहीत.’ राहतील कशा? दर वर्षी उत्तम बी आपण रश्श्यात घातलं आणि किडकं बी पेरलं. जोंधळ्याच्या बाबतीत आपल्या आजी-पणजींनी असं कधी केलं नाही. सगळ्यात भरदार कणसं आधी बाजूला काढून आढ्याला टांगायच्या, खायचं ते नंतर.

असीलच्या बाबतीत हा तोटा दुप्पट होतो. पाच महिन्यांचा असील नर अजून पोरच असतो. त्याची छाती, मान, वजन पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत भरत राहतात. कोण चांगला निघणार हे जत्रेच्या वेळी नक्की कळतही नाही.

आमच्या घरी आम्ही एक वाट काढली. गावात जसा देवाला सोडलेला वळू असतो, त्याला कुणी औताला जुंपत नाही, कुणी विकत नाही, तसे दर वर्षी दोन नर ‘सोडायचे’. होळीच्या आसपास त्यांच्या पायात रंगीत छल्ला घालायचा. छल्लेवाल्याला कुणी हात लावायचा नाही, जावई आला तरी. आईला हे एका वाक्यात पटलं, कारण सोडलेल्या वळूचा नियम तिला माहीत होता. जत्रेचा मान बाकीच्या नरांवर नीट राखला जातो. रश्श्याची चव तीच लागते.

नर निवडताना काय बघायचं?

एकदम नको, दोनदा बघा. तीन महिन्यांचे असताना वाकड्या पायाचे, वाकड्या चोचीचे, दम लागणारे बाजूला काढा. मग आठ-दहा महिन्यांचे झाल्यावर पुन्हा बघा: पाय सरळ आणि जाड, छातीचं हाड सरळ, डोळा स्वच्छ, तुरा बुटका. नुसतं वजन बघू नका. मर येऊन गेली तेव्हा जो उभा राहिला, ज्याच्या आईने एका रवणात आठ पिल्लं वाढवली, तो नर किलोभर हलका असला तरी ठेवा.

एक कोंबडा आणि वीस कोंबड्या आहेत. जात टिकवायला पुरे का?

अंडी फळायलाही कमीच. असीलला ८ ते १० माद्यांमागे एक नर बरा, जवारीला १० ते १२. जात टिकवायला तर हे अजिबात पुरत नाही.

हिशेब असा आहे. जाणकार ‘प्रभावी संख्या’ काढतात: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चारपट, आणि त्याला एकूण नर-माद्यांच्या संख्येने भागायचं. एक नर आणि २० माद्या म्हणजे ८० भागिले २१, साधारण ३.८. खुराड्यात २१ पक्षी दिसतात, पण रक्ताच्या हिशेबाने तुमच्याकडे चारसुद्धा नाहीत. पिढीगणिक जवळच्या रक्ताचं प्रमाण १३ टक्क्यांनी वाढतं. कारण सोपं आहे: एकाच बापाची सगळी पिल्लं एकमेकांची निदान सावत्र भावंडं असतातच. पुढच्या वर्षी त्यांचीच आपसात जोडी लागते. मग अंडी फळत नाहीत, पिल्लं कवचात मरतात, जगलेली सुकत जातात, आणि आपण दोष हवेला देतो.

आता तेच १० घरांनी मिळून केलं, प्रत्येकाकडे १ नर आणि ५ माद्या, तर १० नर आणि ५० माद्या. २००० भागिले ६०, म्हणजे ३३. वाढ पिढीला दीड टक्का. हा आकडा ५० पर्यंत नेता आला तर उत्तम, वाढ एका टक्क्यावर येते. १५ नर आणि ६० माद्यांत तो ४८ होतो. पाहिलंत ना, माद्या वाढवून फार फरक पडत नाही, नर वाढवून पडतो. आणि आपण कापतो नरच.

मग नर कसे फिरवायचे?

घरांना क्रम लावा. समजा जांबोटीचं घर पहिलं, कणकुंबीचं दुसरं, नंदगडचं तिसरं, हलशीचं चौथं, बिडीचं पाचवं. माद्या आणि त्यांच्या तलंगा (तरुण माद्या) जिथल्या तिथे राहतात. जांबोटीत जन्मलेला नर कणकुंबीला जातो, कणकुंबीचा नंदगडला, शेवटी बिडीचा जांबोटीला. दिशा कधी बदलायची नाही. असं केलं की भाऊ-बहीण एका खुराड्यात राहतच नाहीत, वंशावळीचं मोठं बाड ठेवावं लागत नाही. एक साधी वही पुरे: रवण कधी बसवलं, अंडी कुणाची, पिल्लं किती, नर कुठून आला, कुठे गेला.

पिल्लं ओळखायला पहिल्याच दिवशी बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडतात. दोन पायांचे मिळून चार पडदे, त्यांतून १६ वेगवेगळ्या खुणा होतात.

एक गोष्ट लोक विसरतात. जुना नर काढल्यानंतरही कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. नवा नर सोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, रवणाला नको.

रवण कधी आणि कसं बसवावं?

खानापूर-जांबोटीच्या पावसात जून ते ऑगस्ट पिल्लं काढू नका. ओल मारते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ चांगला. अथणी, रायबागकडे पाऊस कमी, तिकडे थोडं आधीही चालतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात कुठेच नको.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. तोवर रुंद टोक वर करून गारव्याला ठेवावीत. ओल्या वाळूत रोवलेल्या मातीच्या मडक्यात, तोंडावर फडकं बांधून, छान राहतात. धुऊ नयेत, धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो. कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. फार जड असील कोंबडीच्या पायाखाली अंडी फुटतात, म्हणून आम्ही असीलची अंडी बहुतेक वेळा जवारी खुडूक कोंबडीखाली घालतो. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरून पाहायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं. कोंबडी दिवसातून एकदा उठून खाईल, हागेल, धुळीत लोळेल. तिला तेवढं करू द्या.

यंत्रात करायचं असेल तर साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान, अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवणं, आणि शेवटचे तीन दिवस जास्त ओलावा. वीज जाते तिथे यंत्रावर सगळी अंडी लावू नका.

गिरीराज, वनराजा, कडकनाथ यांच्याशी संकर केला तर?

गिरीराज बेंगळुरूत घडवलेली, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. दोन्ही आपापल्या कामाला चांगल्या आहेत. घरात अंडी-मटण हवं असेल तर जरूर पाळा, पण वेगळ्या कुंपणात. एक गिरीराज नर मोकळा सुटला की वर्षभरात वाडीतली सगळी पिल्लं जड, मऊ आणि खुडूक न बसणारी होऊ लागतात. हे मी आमच्या शेजारच्या वाडीत डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते परत फिरवता आलं नाही.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं जतन तिकडे होऊ दे. कुणी ‘पैसे भरा, पक्षी देतो, अंडी दुप्पट भावाने परत घेतो’ असं सांगत आलं तर दार लावून घ्या. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात याच आमिषाने हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

रानकोंबडा धरून जवारीला लावला तर रक्त सुधारेल का?

नाही, आणि तो गुन्हा आहे. भीमगड अभयारण्याच्या आणि कणकुंबीच्या रानात जो राखी रानकोंबडा पहाटे ओरडतो, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याची अंडी आणणंही त्यात आलं.

एक सुंदर गोष्ट मात्र खरी आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं. आपल्या पिवळ्या पायांच्या जवारीत सह्याद्रीतल्या या पक्ष्याच्या कुळाचा अंश आधीच आहे.

मानमोडीवर औषध कोणतं?

औषध नाही. लस आहे, आणि ती आधी द्यायची असते. मानमोडी म्हणजेच राणीखेत, विषाणूचा रोग. कुमाऊँमधल्या राणीखेतला १९२७ च्या सुमारास भारतात प्रथम ओळखला गेला म्हणून हे नाव. हिरवट हगवण, मान पिळवटणं, पंख लुळे पडणं, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, टोचून. ही शेवटची जोरकस असते, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देऊ नये. देवीची लस सहा-सात आठवड्यांना पंखाच्या पडद्यात. लस नेहमी निरोगी पक्ष्यालाच, आणि पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे.

खरी अडचण वेगळीच असते. लसीची कुपी शे-पाचशे-हजार पक्ष्यांची येते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि आपल्याकडे पंधरा कोंबड्या. म्हणून एकटा माणूस लस आणतच नाही. उपाय एकच: सगळ्या वाडीने एक दिवस ठरवायचा. आदल्या संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या, पहाटे बर्फाच्या डब्यातली कुपी घेऊन घरोघर फिरायचं. आमच्याकडे बचत गटातल्या बायकांनी हे हातात घेतलं आणि दीड तासात वाडी उरकली. उन्हाळ्याच्या तोंडाला, माघ-फाल्गुनात, मोठ्या पक्ष्यांची फेरी चुकवू नका.

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा. मर बहुतेक वेळा बाजाराच्या पिशवीतूनच घरी येते.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागते.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं ओल्या जमिनीवर असली की हे होतं. खाली भाताचा तूस कोरडा ठेवा, रोज हलवा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडणार नाही. हगवण दिसली की त्याच दिवशी दवाखान्यातून औषध आणा, उद्यावर ढकलू नका.

खायला काय?

पहिले सहा आठवडे पिल्लांना चांगलं खाद्य द्या, साधारण २० टक्के प्रथिनांचं. इथे कंजुषी केली तर असीलचा सांगाडाच भरत नाही. पुढे मोकळं फिरून किडे, वाळवी, गवत खातात. वरून दिवसाला मूठभर जोंधळा, मका किंवा तांदळाची कणी, शेवग्याचा पाला, अझोला. अंड्यावरच्या कोंबडीला भाजून चुरलेली अंड्यांची कवचं किंवा शिंपल्यांचा चुरा. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा कधीच नको, त्यातलं विष यकृतावर जातं. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बी शेताच्या बांधावर सांडलेलं असतं, तेवढे दिवस कोंबड्या कोंडा.

निपाणीकडे उवांसाठी खुराड्यात तंबाखूचे देठ घालायची जुनी रीत आहे. उवा मरतात, पण ते पिल्लांच्या चोचीला लागले तर पिल्लंही मरतात. राख आणि कोरडी माती धुळीच्या खड्ड्यात घाला, भिंतीच्या फटींना चुना भरा. गोचीड फटींतच लपते.

असील पिल्लं एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

जात्याच तशी आहेत, दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात. नर वेगळे करा, मध्ये जाळीऐवजी बोरूचा किंवा पत्र्याचा आडोसा लावा म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत. असील माद्याही नव्या मादीला सहज घेत नाहीत. रात्री अंधारात सोडा. बसायची काठी जमिनीपासून दीड फुटापेक्षा उंच नको. जड पक्षी वरून उडी मारतो आणि तळव्याला गळू होतं.

झुंज लावली नाही तर असील बिघडते म्हणतात.

बिघडत नाही. जनावरांना एकमेकांवर घालणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कर्नाटकाने २०१७ मध्ये केलेली दुरुस्ती कंबळ (रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या शर्यतींपुरती आहे, कोंबड्यांना ती लागू नाही. झुंजीच्या नावाखाली या पक्ष्याची बदनामी झाली आणि चांगले नर मातीत गेले. झुंजीसाठी पक्षी मागणाऱ्याला आम्ही देत नाही.

सरकारी मदत कुठे मिळते?

आजारी पक्ष्यासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा. प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, बैलहोंगलकडे मत्तिकोपला आणि गोकाककडे तुक्कानट्टीला. राष्ट्रीय पशुधन अभियानात २५ लाखांपर्यंत ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण ते हजार पक्ष्यांच्या मातृफार्मसाठी, म्हणजे पिल्लं काढायला अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मसाठी. पंधरा कोंबड्यांच्या घराला त्याचा थेट उपयोग नाही. अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतात. गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोरीला बरोबर न्या, काम लवकर होतं.

बर्ड फ्लू आला तर?

२००६ मध्ये नवापूरला आला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. रोग सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात, त्यात तुमची तीस वर्षांची रेषाही जाते. भरपाईच्या पैशांत ती परत विकत मिळत नाही. म्हणूनच वर सांगितलेली पाच-दहा घरं एकाच गावात नकोत. एक जांबोटीला, एक निपाणीला, एक राज्याची सीमा ओलांडून चंदगडला असावं. मेलेले पक्षी एकदम जास्त दिसले तर लपवू नका, दवाखान्यात कळवा.

तुमच्याकडून असीलचा नर विकत मिळेल का?

विकत नाही, बदलीत मिळतो. तुमच्याकडे निदान तीन माद्या हव्यात आणि त्यांना लस टोचलेली असावी. नर नेल्यावर पहिल्या दोन रवणांतले दोन नर परत द्यायचे, एक आम्हाला आणि एक पुढच्या घराला. वहीत सही करायची. दिवाळीनंतर या, सकाळी लवकर, पक्षी सुटायच्या आधी, आणि येताना डालगं घेऊन या. पिशवीत घालून नर देत नाही.